नातेवाईकांनी बाहेर थांबावे

महाराष्ट्रात गंभीर मानसिक आजार जवळजवळ उरलेला नाही, असं सरकारनं जाहीर केलं त्या सकाळी त्रिशलावहिनी चौगुले मिरजेतल्या आपल्या घरात वरच्या मजल्यावरच्या लोकांची समजूत काढत होत्या. घराला वरचा मजला नव्हता. अडचण काय ती तेवढीच.

वरची माणसं फक्त जिनपालभावजींना ऐकू यायची. भावजी म्हणजे वहिनींचे धाकटे दीर. पन्नाशी उलटलेले, अंगानं किडकिडीत, आणि स्वभावानं इतके सभ्य की कानातल्या आवाजांनाही ते अहो-जाहो करत. त्या दिवशी वरून हुकूम आला होता, तांब्यातल्या पाण्यात काहीतरी कालवलंय, प्यायचं नाही.

"त्यांना सांगा," पोळी लाटता लाटता वहिनी म्हणाल्या, "वहिनीनं आधी पिऊन बघितलंय."

भावजींनी मान वर करून निरोप पोचवला, उत्तर ऐकून घेतलं. "बरं म्हणतायत," ते म्हणाले आणि पाणी प्यायले.

वहिनी लग्न होऊन या घरात आल्या त्याच वर्षी या आजारानं भावजींचं कॉलेज सुटलं होतं. पुढं वहिनींचे यजमान, आदगोंडा, अचानक गेले. माहेरचे लोक न्यायला आले तेव्हा वहिनी म्हणाल्या, "येते की. पण भावजींना कुठं ठेवू?" माहेरचे लोक चहा घेऊन परत गेले, आणि त्या राहिल्या. गल्लीनं सुरुवातीला दोघांबद्दल बरंच काही बोलून घेतलं. पण बोलायला नवीन काही मिळेना, तेव्हा गल्लीचाही उत्साह मावळला. औषधं चालू होती, उपयोगही होत होता. उरलेलं वहिनी बघत होत्या.

गेल्या वर्षी वहिनींच्या छातीत कळ आली. दवाखान्यातल्या खाटेवर पडल्या पडल्या त्यांना स्वतःची काळजी वाटलीच नाही. एकच प्रश्न छताला चिकटून बसला होता: माझ्यामागं ह्यांचं काय?

उत्तर मिरजेतच होतं. एका ट्रस्टनं आजारी माणसांसाठी 'सोबती निवास' काढला होता. स्वच्छ खोल्या, बाग, चोवीस तास माणसं. प्रवेश मात्र फक्त 'गंभीर' असं कार्ड असणाऱ्यांना. भावजींकडं तसं कार्ड होतं, जुन्या व्याख्येचं. आणि नेमकी तेव्हाच व्याख्या बदलली.

आता गंभीर म्हणजे नक्की किती, हा प्रश्न मोठ्या माणसांना फार वर्षं छळत होता. कुणी म्हणे, आजाराचं नाव बघा. कुणी म्हणे, नाव सोडा, आजार किती वर्षं टिकलाय ते बघा. तिसरा म्हणे, दोन्ही सोडा, माणसाचा कामधंदा-संसार किती मोडलाय ते बघा. प्रत्येक संशोधक आपापली फूटपट्टी घेऊन निघायचा. त्यामुळं एकाच गावात एकाला चाळीस गंभीर रुग्ण सापडत आणि दुसऱ्याला चारशे. गाव तेच, माणसं तीच. दवाखान्यातला अनुभवी डॉक्टर यातलं काहीच मोजायचा नाही; पेशंट दारातून आत येताना बघायचा आणि त्याला कळायचं. पण 'दारातून येताना बघितलं' हे शोधनिबंधात लिहिता येत नाही.

मग मनोतोल आला.

मनोतोल म्हणजे परदेशातून आलेलं, डोक्यावर घालायचं हलकं शिरस्त्राण. मेंदूत विजेची जी बारीक कुजबूज चालते, तिच्याभोवती चुंबकत्वाचं अतिशय क्षीण वलय असतं. ते वलय हे यंत्र टिपायचं. आणि त्यावरून काय शोधायचं? तर अंदाज. आपला मेंदू जग बघतो हा आपला गैरसमज आहे. तो आधी अंदाज बांधतो, आणि मग डोळे-कान त्या अंदाजात दुरुस्त्या सुचवतात. अंधारात जिना उतरताना शेवटची पायरी संपलेली असते, पण पायाला वाटतं अजून एक आहे. तो जो धक्का बसतो, तो चुकलेल्या अंदाजाचा. असे बारके धक्के मेंदूला क्षणोक्षणी बसत असतात. कुठला मनावर घ्यायचा आणि कुठला सोडून द्यायचा, हा तोल ज्याला साधतो तो ठीक. ज्याचा सुटतो, त्याला पानाची सळसळ म्हणजे सूचना वाटते, आणि आपलाच विचार वरच्या मजल्यावरून ऐकू येतो.

हा सुटलेला तोल मनोतोल आकड्यात सांगायचा. शून्य ते शंभर. साठाच्या वर गंभीर, साठाच्या खाली नाही. विषय संपला. पुण्याचे डॉक्टर अनिरुद्ध केळवकर यांच्या समितीनं अकरा वर्षं चर्चा करून ही रेघ ओढली, आणि रेघ इतकी सरळ आली की सगळ्यांना ती आवडली.

राज्यभर तपासणी झाली. साठाच्या वर माणसं सापडेचनात! मंत्रीमहोदयांनी हे आपल्याच कारकिर्दीत घडल्याचं नम्रपणे निदर्शनास आणून दिलं. भावजींचा आकडा आला एकतीस. वहिनींच्या फोनवर संदेश आला: 'अभिनंदन! आपला रुग्ण गंभीर नाही. जुने कार्ड जमा करावे.'

वहिनी तशाच डॉक्टर शाहीन मुजावर यांच्या क्लिनिकमध्ये जाऊन उभ्या राहिल्या. शाहीन मिरजेच्याच. भावजींना गेली आठ-नऊ वर्षं त्याच बघत होत्या.

"एकतीस म्हणे," वहिनी म्हणाल्या. "मला शाळेत गणितात एकतीस पडले होते. तेव्हा कुणी अभिनंदन केलं नव्हतं."

"काकू, मलाही पटत नाही," शाहीन म्हणाल्या. "पण यंत्र तीनदा तपासलंय. आता एकच फेरतपासणी मिळते. स्वतः केळवकर सर येणार आहेत. त्यांनाच हे आकडे पचत नाहीयेत."

केळवकर आले. उंच, वाकलेले, आणि आपलं खरं ठरतंय याची भीती वाटणाऱ्या माणसासारखे गप्प. तपासणीच्या खोलीला काचेची भिंत होती आणि दारावर पाटी होती: 'नातेवाईकांनी बाहेर थांबावे'. वहिनी पाटी वाचून आत गेल्या आणि भावजींच्या शेजारी स्टुलावर बसल्या.

त्यात त्यांचं वेगळं असं काही नव्हतं. आपल्याकडं दात काढायला तिघं जातात. दात एकाचाच निघतो. मनोतोलाच्या खोलीत कोल्हापुरात आई बसे, अकोल्यात बायको बसे, जळगावात मेहुणा बसे. बाहेर काढलं तर पेशंट शिरस्त्राण घालून घेत नसे, म्हणून डॉक्टर कानाडोळा करत आणि 'नातेवाईक बाहेर' या चौकटीत बरोबरची खूण करून टाकत. हे सगळे करत होते. पण प्रत्येकाला वाटे, आपण एकटेच करतो, म्हणून कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.

तपासणी लांबत गेली. आकडा एकोणतीस-तीसवर रेंगाळत होता. खिडकीतून ऊन तिरपं झालं तशी वहिनींची चुळबुळ सुरू झाली. चौगुल्यांच्या घरात दिवस मावळल्यावर ताटाला हात लावायचा नाही, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. भावजींनी जगातल्या बऱ्याच गोष्टींवरचा विश्वास सोडला होता, पण ही रीत सोडली नव्हती.

"साहेब, अजून किती?" वहिनींनी विचारलं. "सूर्य कुणासाठी थांबायचा नाही. ह्यांचं जेवण राहील."

"अजून थोडा वेळ," काचेपलीकडून केळवकर म्हणाले. "आणि डबा इथं उघडू नका, यंत्र आहे."

"मग मी खाली कँटीनमधनं गरम करून आणते. भावजी, बसा हां. आलेच."

त्या डबा घेऊन जिना उतरल्या. पडद्यावरचा आकडा थोडा वेळ तिथंच राहिला. मग पस्तीस झाला. मग पन्नास. भावजींनी खुर्चीचे हात घट्ट धरले आणि मान वर केली. एकसष्ट. सत्तर.

"यंत्र बिघडलं," केळवकर म्हणाले.

चौऱ्याहत्तरवर आकडा थरथरत असताना दार उघडून वहिनी आत आल्या, मागोमाग आमटीचा वास. "कँटीनवाला म्हणतो गॅस संपलाय. म्हटलं, तुझा संपला असेल, सूर्याचा नाही. लाव दुसरा." त्या स्टुलावर टेकल्या. आकडा उतरायला लागला. साठ, पंचेचाळीस, तीस.

काचेपलीकडं केळवकर खुर्चीतून उठले.

"बाई," शेवटी केळवकर खोल आवाजात म्हणाले, "जरा परत बाहेर जाता का?"

"आधी जेवण."

भावजी जेवले. मग वहिनी बाहेर गेल्या, आकडा चढला. आत आल्या, उतरला. पुन्हा बाहेर, पुन्हा आत. चौथ्या वेळी वहिनी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "मी काय दाराची कडी आहे का हो? सरकवताय आपलं आत-बाहेर!"

दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीत दुसरं शिरस्त्राण आणलं होतं. ते वहिनींसाठी. अंबाडा मोडायला त्यांनी नकार दिला, म्हणून ते जरा तिरकं बसवलं.

"आता समोर बघा," शाहीननं सांगितलं.

समोरच्या भिंतीवर दोन मेंदू उजळले. वहिनींना वाटलं होतं, काहीतरी कलेजीसारखं ओंगळ दिसेल. पण तिथं होता नुसता उजेड. आतून बाहेर वाहणाऱ्या निळ्या लाटा, ते अंदाज. आणि बाहेरून आत शिरणारे केशरी कण, त्या दुरुस्त्या. निळं केशरीला भेटायचं, त्यातून पांढरा कवडसा फुटायचा आणि विरून जायचा. असे लाखो कवडसे, एकाच वेळी, न थांबता. भाजी निवडताना, कुणाला शिव्या देताना, झोपेतसुद्धा हे आपल्या कपाळामागं चाललेलं असतं, आणि आपण म्हणतो डोकं चालत नाही! वहिनींचे हात आपोआप जोडले गेले. देवळात जोडतात तसेच.

"डावीकडचा त्यांचा," केळवकर म्हणाले. "उजवीकडचा तुमचा. आता हे मी सावकाश करून दाखवतो."

लाटा संथ झाल्या. डावीकडं, भावजींच्या मेंदूत एका कोपऱ्यात केशरी भडका उठणार होता. अजून उठला नव्हता. पण उजवीकडं, वहिनींच्या मेंदूत, त्याच्या आधीच, तसाच एक निळा झोत धावत निघाला. तेवढ्यात खोलीत बारीकसा आवाज झाला. वहिनींनी बांगड्या मागं सारल्या होत्या. भावजींच्या मेंदूतला भडका त्या आवाजाशी अडला, वळला आणि शांतपणे विरून गेला.

"हे मी केलं?" वहिनींनी विचारलं.

"दर थोड्या वेळानं करताय. कधी बांगड्या, कधी खाकरणं, कधी नुसता पाय हलवणं. तुम्हाला माहीतही नाही. त्यांचा तोल जाण्याआधी तुमचा मेंदू तो सावरायला निघालेला असतो. त्यांचा अंदाज तुम्ही बांधता. तीस वर्षं." केळवकरांनी चष्मा काढला. "हा आजार मी अकरा वर्षं एका कवटीत शोधतोय. इथं तो दोन कवट्यांमध्ये वाटून घेतलेला आहे."

"आणि ज्या देशात यंत्र बनलं," शाहीन हळूच म्हणाल्या, "तिथं तपासायला माणूस एकटा येतो."

वहिनींचं लक्ष मात्र आपल्या चित्राखालच्या आकड्याकडं गेलं होतं. अडुसष्ट.

"साठाच्या वर म्हणजे गंभीर ना? म्हणजे मलापण झालंय?"

"नाही, नाही."

"मग अडुसष्ट कसे?"

व्याख्या केळवकरांनी स्वतः लिहिली होती. त्यांना ती तोंडपाठ होती. तिच्यात साठाच्या वरच्यांसाठी एकच शब्द होता.

मग त्यांनी सरळ व्यवहाराचं सांगितलं. नियमात जास्तीत जास्त एक तास एकट्यानं बसणं आहे, आणि थांबताना दिसेल तो आकडा धरायचा. वहिनींनी तासभर बाहेर थांबावं. आकडा सत्तरीत जाईल, तो नोंदवू, कार्ड पक्कं, सोबती निवासात खोली पक्की.

"आणि खोलीत सोबत कोण?"

"तिथं चांगला कर्मचारीवर्ग आहे."

"ते अंदाज बांधतील ह्यांचा?"

"माहीत नाही," केळवकर म्हणाले. मोठ्या माणसाच्या तोंडून हे शब्द वहिनी पहिल्यांदाच ऐकत होत्या. "हे दुसऱ्याला शिकता येतं का, तेच कुणाला माहीत नाही. काल दुपारपर्यंत हे असतं हेच माहीत नव्हतं."

म्हणजे खोली मिळणार होती, आणि भावजी तिथं चौऱ्याहत्तरावर राहणार होते. दिवसरात्र. वहिनींनी आयुष्यभर जे मागितलं होतं ते समोर ठेवलं होतं, आणि त्यांना ते उचलवेना.

भावजी इतका वेळ भिंतीकडं बघत होते. डावीकडं नव्हे, उजवीकडं. वहिनींच्या मेंदूतून सुटणाऱ्या निळ्या झोतांकडं.

"हे माझ्यासाठी चाललंय?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही कशाला तिकडं बघताय, भावजी?"

"केवढं काम आहे हे, वहिनी." ते म्हणाले. "मला वाटायचं, तुम्ही नुसत्या शेजारी बसता."

वहिनींनी डोक्यावरचं शिरस्त्राण काढून मांडीवर ठेवलं.

"तुम्ही बाहेर बसा," भावजी म्हणाले. "मी तासभर बसतो. एकटा. बघू."

दार लागलं. वहिनी काचेपलीकडं शाहीनशेजारी बसल्या. भावजींचा आकडा चढला. पन्नास. सदुसष्ट. चौऱ्याहत्तर. भिंतीवर एकच मेंदू होता आणि त्यात केशरी वणवा पेटला होता. भावजी मांडीवर मुठी आवळून, घामानं भिजून बसले होते. पण दाराकडं बघत नव्हते.

"सर," शाहीन म्हणाल्या, "एवढी नोंद पुरे आहे. थांबवते."

केळवकरांनी वहिनींकडं बघितलं. "थांबवलं तर आत्ता कार्ड. तुम्ही म्हणाल तसं."

वहिनींचे दोन्ही हात काचेवर होते. सगळं अंग आत धावायला निघालं होतं.

"त्यांनी तास मागितलाय," त्या म्हणाल्या. "तीस वर्षांत पहिल्यांदा काहीतरी मागितलंय. तास होऊ दे."

वेळ पुढं सरकेना. शहात्तर. अठ्ठ्याहत्तर. मग भावजींचे ओठ हलायला लागले. शाहीननं आवाज वाढवला.

"एकेकानं बोला," भावजी हळू आवाजात म्हणत होते. "गोंधळ नको. भावजी जेवायचे आहेत अजून. आधी जेवण, मग तुमचं काय ते." शब्दांची ठेवण त्यांची नव्हती. मधेच खाकरणं, शेवटचा शब्द जरा लांबवणं. वहिनींनी तोंडावर हात ठेवला. आपणच आपल्याला काचेतून ऐकू येणं कसं असतं, ते त्यांना आज कळत होतं.

भिंतीवर, वणव्याच्या ऐन मध्यावर, एक निळा झोत निघाला. केळवकरांनी घाईघाईनं वहिनींचं सकाळचं चित्र त्याच्या शेजारी लावलं. तोच झोत, तीच चाल, त्याच जागी तसाच वळणारा. माणसाचा चेहरा मुलात उतरतो हे सगळ्यांनी बघितलंय. पण एका मनाची चाल, रक्ताचं काही नातं नसलेल्या दुसऱ्या मनात, नुसत्या शेजारी बसण्यानं उतरलेली कुणी बघितली नव्हती.

केशरी भडका त्या झोताशी अडला. डगमगला. वळला.

सत्तर. चौसष्ट. तास संपला तेव्हा आकडा होता सत्तावन्न.

"गेलं कार्ड," शाहीन पुटपुटल्या.

केळवकरांनी टेबलावरचा कागद ओढला आणि उभ्याउभ्याच लिहायला सुरुवात केली. समितीचे अध्यक्ष या नात्यानं व्याख्या स्थगित. जुनी सगळी कार्डं कायम. यापुढं कुठल्याही आकड्याशेजारी, तो घेताना सोबतीला कोण होतं आणि माणसाला ती सोबत रोज मिळते का, हे लिहिल्याशिवाय आकडा धरू नये. औषधोपचार कुणाचेही बंद करू नयेत. सही.

"मंत्रीसाहेब काय म्हणतील?" शाहीननं विचारलं.

"म्हणतील, निवडणुकीच्या तोंडावर एवढे पेशंट कुठून आणलेत." केळवकरांच्या चेहऱ्यावर काल आल्यापासून पहिल्यांदाच हसू आलं. आपलं चुकलं या आनंदात माणूस इतका तरुण दिसू शकतो, हे शाहीनना नवीन होतं.

भावजी बाहेर आले. वहिनींनी पदरानं त्यांचं कपाळ टिपलं. "दमला असाल. चला, घरी चला."

"निवास कुठं आहे म्हणालात?" त्यांनी शाहीनना विचारलं.

"मागच्या रस्त्याला. पिवळं फाटक."

"जरा बघून येतो. आवडलं तर सांगेन, नाही आवडलं तरी सांगेन." मग वहिनींकडं वळून म्हणाले, "तुम्ही इथं बसा. चहा घ्या. नुसत्या बसा."

वहिनी क्लिनिकच्या पायरीवर उभ्या राहिल्या. भावजी एकटे रस्त्यानं निघाले. रिक्षाला त्यांनी वाट दिली, एका कुत्र्याला वळसा घातला, मान एकदा वर केली, काहीतरी बोलले, आणि पुढं चालू लागले. कोपऱ्यावर जाऊन थांबले. निवास उजवीकडं होता, घर डावीकडं.

वहिनींनी सवयीनं मनातल्या मनात चाचपून बघितलं. काही सापडलं नाही. भावजी कुठं वळतील, याचा त्यांना कणभरही अंदाज नव्हता. छातीत धडधडत होतं, पण ती गेल्या वर्षीची कळ नव्हती. चहाचा कप हातात तसाच धरून, एखाद्या अनोळखी, मोठ्या माणसाकडं बघावं तशा त्या कोपऱ्यावर थांबलेल्या जिनपाल चौगुल्यांकडं डोळे विस्फारून बघत राहिल्या.